उजव्या डोळ्याचं सिलिंडर

"सवय होईल, भाऊ." परभणीतल्या एका चष्म्याच्या दुकानात तीन आठवड्यांत हे वाक्य मी चार वेळा ऐकलं. वर्ष होत आलं, तरी आठवलं की डोकं सणकतं.

कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायचं कारण साधं होतं. रोज जिंतूर ते परभणी मोटारसायकलवर जाणं-येणं. हेल्मेटात चष्म्याच्या काड्या कानशिलात रुततात, आणि एप्रिल-मेच्या घामात चष्मा नाकावर थांबत नाही. डोळे तपासून झाले, लेन्स घालायला-काढायला शिकलो. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला, आता अर्धं मिनिट.

माझ्या चष्म्याचा उजवा नंबर उणे ५.५०, सिलिंडर उणे २.००, अक्ष (म्हणजे सिलिंडर किती अंशांच्या कोनात बसतं तो आकडा) २०. डावा उणे ५.००, सिलिंडर फक्त उणे ०.५०. दुकानदाराने कागदावर नजर टाकली आणि दोन्ही डोळ्यांना साध्या मासिक लेन्स दिल्या. डाव्याला उणे ५, उजव्याला उणे ६.

"उजवा वाढला का?"

"वाढला नाही, बसवलाय."

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर एसटीच्या पाटीवरचं 'सेलू' मला एकावर एक दोनदा लिहिल्यासारखं दिसलं. डावा डोळा झाकला तर जास्तच. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याला शेपूट फुटायचं. गेलो परत.

"दिसायलंय ना?"

"दिसायलंय, पण दोन-दोन दिसायलंय."

"नवीन हाय ना. सवय होईल, भाऊ."

आठवड्याने पुन्हा गेलो, तर म्हणे लेन्स उलटी घातली असेल. तेही घरी तपासलं. बोटाच्या टोकावर लेन्स वाटीसारखी उभी राहिली तर सुलटी, कडा बशीसारख्या बाहेर पडल्या तर उलटी. माझी वाटीच होती. तिसऱ्या खेपेला त्याने डोळ्यात टाकायचे थेंब विकले. मी घेतलेही, ते अजून खटकतं.

'बसवलाय' म्हणजे काय, ते मला स्वतः शोधावं लागलं. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची काच, सगळ्या बाजूंनी सारखी गोल नसली की सिलिंडर नंबर लागतो. त्यासाठीच्या लेन्सला टोरिक म्हणतात. टोरिक द्यायची नसली तर सिलिंडरचा अर्धा आकडा साध्या नंबरात मिसळतात. अर्ध्या नंबराच्या सिलिंडरला ते चालून जातं, माझ्या डाव्या डोळ्याला चाललंही. दोनच्या सिलिंडरला कसं चालणार? आणि हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. चौथ्यांदा गेलो तेव्हा मी 'टोरिक' हा शब्द उच्चारला, तर लगेच म्हणाला, "हां, ती मागवावी लागती. आठ दिवस लागतील, महाग पडंल." मग पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?

आठचे बारा दिवस झाले. लेन्स आली, घातली, पाटी तशीच. या वेळी मी डबीच वाचली. अक्ष १८०. माझा २०. विचारलं, तर म्हणाला, "जिथनं मागवली त्यांच्याकडं हीच होती. अक्षानं काय एवढा फरक पडत नाही."

पडतो. टोरिक लेन्स दहा अंश फिरली तरी सिलिंडरचा साधारण तिसरा हिस्सा वाया जातो. तीस अंश फिरली तर लेन्समधलं सिलिंडर असून नसल्यासारखं. १८० आणि २० मध्ये वीस अंशांचा फरक. त्या दिवशी मी तिथे आवाज चढवला. पैसे परत मिळाले नाहीत.

मग एक रजा टाकून छत्रपती संभाजीनगरला गेलो. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमनी आधी ट्रायल लेन्स घातली आणि पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसवलं. नंतर यंत्रातून पाहिलं. टोरिक लेन्सवर एक बारीक खूण असते, ती कुठे येऊन थांबते ते बघतात. लेन्स फिरून बसत असेल तर त्या हिशेबाने अक्ष बदलतात. माझी जागेवर बसली होती. नंबर निघाला उणे ५.२५, सिलिंडर उणे १.७५, अक्ष २०. चष्म्यापेक्षा कमी, कारण चष्मा डोळ्यापासून सव्वा सेंटीमीटरभर लांब असतो आणि लेन्स डोळ्यालाच टेकते. चारच्या पुढे नंबर असला की हा फरक धरावाच लागतो. अर्धं सिलिंडर मिसळून साडेसहा होणारा माझा उजवा नंबर दुकानात सहा झाला, तोही यामुळेच. बाहेर येऊन रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी परवाना क्रमांकासकट वाचली. उगीचच दोनदा.

म्हणून चष्म्याच्या कागदावर लेन्स घेऊ नका. लेन्सचा वेगळा कागद मागा. त्यावर सिलिंडर, अक्ष, लेन्सची गोलाई म्हणजे बेस कर्व्ह, व्यास आणि लेन्सचं नाव हवं. ट्रायल न घालता डबी विकणाऱ्याकडून उठून या.

मॅडमनी धूळ बघता रोज फेकायच्या लेन्स सुचवल्या होत्या. त्याच जास्त सुरक्षित. पण माझ्या पगारात त्या रोज बसत नाहीत, म्हणून मासिक सिलिकॉन हायड्रोजेल घेतल्या. त्यातून डोळ्याला हवा जास्त मिळते. मासिक म्हणजे त्या एका लेन्सचं सीलबंद पाकीट फोडल्यापासून महिना, मग मधले दहा दिवस घातल्या नाहीत तरी. घालून झोपायचं नाही. आणि हेल्मेटची काच खाली ठेवा, लेन्सखाली कण गेला तर गाडी बाजूला घेण्यावाचून इलाज नाही.

पाण्याचं राहिलंच. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, टाकीत साठवतो. त्या पाण्यात काय, फिल्टरच्या पाण्यातसुद्धा लेन्स किंवा ती ठेवायची डबी धुवायची नाही. पाण्यातला अकँथामिबा नावाचा सूक्ष्मजीव लेन्सवाल्यांच्या डोळ्यात घुसला तर नजर जाऊ शकते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, डबीत दर वेळी सोल्युशन नवीन, डबी तीन महिन्यांनी बदलायची. हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. पहिला आठवडा मी डबी नळाखालीच विसळत होतो.

डाव्या डोळ्याच्या त्या जुन्या लेन्स वापरून संपवल्या. उजव्याच्या उणे ६ च्या पाच अजून कपाटात पडून आहेत. मावसभावाचा नंबर सहाच आहे, तो मागत होता. दिल्या नाहीत. त्याला म्हटलं, आधी डोळा मोजून ये, आणि कुठल्या दुकानात जायचं नाही तेही सांगितलं.