ब्रॅकीथेरपी: मशीनची काही मिनिटं, बाकी सगळं थांबणं

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी हाय डोस रेट पद्धतीने, म्हणजे थोड्या वेळात जास्त डोस, आतून रेडिएशन देतात. ही ब्रॅकीथेरपी काही मिनिटांत उरकते. दिवस जातो तो तयारीत. भूल देऊन अ‍ॅप्लिकेटर, म्हणजे रेडिएशन आत नेणारी नळी, बसवतात, भोवती गॉज घट्ट भरतात. त्याने मूत्राशय आणि गुदाशय किरणांपासून लांब राहतात. मग स्कॅन, मग डोस कुठे किती द्यायचा याचं प्लॅनिंग. तोवर कूस बदलायची नाही. नळी काही मिलिमीटर सरकली तरी डोस भलतीकडे जातो. पाठ अवघडली तर सांगा, सोसत बसू नका.

तारेच्या टोकाचा इरिडियम-192 या किरणोत्सारी धातूचा इवलासा स्रोत नळीतून आत जाऊन परत मशीनमध्ये येतो. अंगात काही उरत नाही, घरी बाळाला खुशाल जवळ घ्या. स्रोताची ताकद सुमारे 74 दिवसांत निम्मी होते, म्हणून पुढच्या खेपेला वेळ जास्त लागू शकतो. लघवीची जळजळ काही दिवस राहते. ताप किंवा जास्त रक्तस्राव मात्र लगेच कळवा.