पलूसच्या उसात राहणाऱ्या सिस्टर

सांगली जिल्ह्यात ‘मिशन’ म्हटलं की रिक्षावालासुद्धा मिरजेकडे बोट दाखवतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते हॉस्पिटल. पण ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळींचं. मला जायचं होतं कॅथलिक सिस्टरांकडे, म्हणजे व्रत घेतलेल्या धर्मभगिनींकडे, आणि त्यांच्याकडे बोट दाखवावं अशी इमारतच नाही.

पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडी स्टेशनला उतरून वडाप, म्हणजे शेअर जीप, धरली. जानेवारी महिना, हंगाम ऐन भरात. रस्ताभर उसाच्या टायरगाड्या, त्यामुळे वडापही बैलांच्या चालीनंच गेली. गावाचं नाव लिहीत नाही, सिस्टरांनी तसं सांगितलंय. गावाच्या कडेला भाड्याच्या तीन खोल्या, वर पत्रा. पलीकडच्या मोकळ्या रानात बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या.

सिस्टर तिघी. एक वसईच्या, एक केरळच्या, एक नगरकडच्या. वसईच्या सिस्टर घरी तिकडची सामवेदी बोली बोलत वाढलेल्या, केरळच्या सिस्टरांचं मराठी दवाखान्यात तयार झालेलं. बीडचं बोलणं दोघींनाही पहिल्यांदा जडच गेलं म्हणे. नगरच्या सिस्टरांना मात्र टोळीतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी आपलंसं केलं, ते हरेगावमुळे. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते आणि तिला सगळ्या जातिधर्मांची माणसं जातात. टोळीतली एक म्हातारी तिथे नवस फेडून आलेली. मग काय, ओळख पटली!

पहाटे मोबाइलचा गजर झाला आणि तिघी देवघरात गेल्या. देवघर म्हणजे तिसरी खोली: सतरंजी, क्रूस, लहानशा पेटीत ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, आणि शेजारी तेवता दिवा. फादर रोज येत नाहीत, त्यामुळे मिस्सा, म्हणजे धर्मगुरूंनीच करायची मुख्य उपासना, रोज नाही. प्रभातवंदना मात्र चुकत नाही. स्तोत्रांचं चक्र चार आठवड्यांचं असतं, तेवढ्यात दिवसभराच्या सगळ्या प्रार्थना मिळून दीडशेपैकी जवळजवळ सगळी स्तोत्रं म्हणून होतात. सगळं मराठीत. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांच्या भाषेला दार उघडलं, त्याआधी इथे लॅटिन ऐकू आलं असतं. मी मागे बसून होते. खरं सांगायचं तर माझं लक्ष बाहेर होतं. गजराच्या कितीतरी आधी कोप्यांतल्या चुली पेटल्या होत्या, भाकऱ्या बांधून झाल्या होत्या आणि स्तोत्र सुरू होईपर्यंत टोळी उसाच्या फडात पोहोचलीसुद्धा होती.

भिंतीवर एका दाढीवाल्या माणसाचा फोटो होता. शार्ल द फुको. फ्रेंच सैन्यातला अधिकारी, पुढे धर्मगुरू झाला आणि सहारात तामनरासेतला तुआरेग लोकांच्या शेजारी जाऊन राहिला. १९१६ मध्ये तिथेच त्याला गोळी घातली गेली. सोबत्यांची वाट बघत गेला, सोबती काही आले नाहीत. त्याच्या वाटेनं जाणारे धर्मसंघ नंतर उभे राहिले; २०२२ मध्ये चर्चने त्याला संत म्हणून जाहीर केलं. या तिघी त्या संघांपैकी नाहीत. पण शेजारी म्हणून राहायचं, संस्था काढायची नाही, हे त्यांनी त्याच्याकडूनच घेतलंय.

केरळच्या सिस्टर नर्स आहेत, गावातल्या दवाखान्यात नोकरी करतात. पगार घरच्या सामाईक वहीत जमा. दारिद्र्याचं व्रत म्हणतात ते व्यवहारात असं दिसतं: चप्पल घ्यायची तरी तिघींत बोलणं होतं.

बाकी दिवसाचं काम सेवा वगैरे शब्दांना शोभणारं नव्हतंच. निम्मा दिवस झेरॉक्समध्ये गेला. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते गावाकडच्या शाळेतून आणलं तर इथल्या झेडपीच्या शाळेत बसवून घेणं सोपं जातं. बहुतेकांनी आणलेलं नव्हतं. मग बीडच्या हेडमास्तरांना फोन. एका गरोदर बाईचं तपासणीचं कार्ड घरी राहिलेलं, म्हणून आशाताईंकडे चक्कर. कोणाच्या रेशनला अंगठा लागत नाही. नगरच्या सिस्टर प्लास्टिकच्या फायलीत सगळं ठेवतात, कोयत्यागणिक एक फाइल. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळीची मोजदाद माणसांत होत नाही, कोयत्यांत होते.

धर्मांतराचं मी थेट विचारलं. न विचारता लिहिलं असतं तर तुम्हीच खाली प्रतिक्रियांत विचारलं असतं. वसईच्या सिस्टर हसल्या. म्हणाल्या, “मोठ्या माणसाला बाप्तिस्मा द्यायचा तर आधी लांबलचक तयारी, आणि तो देतात ईस्टरच्या आदल्या रात्री. तोवर ही माणसं बीडला पोचलेली असतात. आम्हाला ते करायचं असतं तर दुसरं गाव निवडलं असतं.” उत्तर मला पटलं. गावातल्या सगळ्यांना पटलेलं नाही, हेही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळालं.

दुपारी फडात गेलो. पाचटानं हात कापत होते, बायका मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होत्या. सावलीला बसल्यावर एक जण सिस्टरांच्या चपलेकडे बघून म्हणाली, “तुमची बी परिस्थिती आमच्यावाणीच दिसती.” दुसरीनं तिला मध्येच तोडलं, “आमच्यावाणी कशी? त्यांच्या अंगावर उचल हाय का?”

सिस्टर म्हणाल्या, “नाही बाई. खरंय.”

हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची, ती तोडणीतून फेडायची, आजारी पडून खाडा झाला तर पैसे कापले जातात, आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे यायचं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तरी उचलीची ही गाठ तशीच आहे. सिस्टरांचं दारिद्र्य त्यांनी शपथ घेऊन स्वीकारलेलं, मागे संघ उभा असलेलं. मला आवडलं ते हे, की त्या दोन्ही एकाच मापानं मोजत नाहीत. आम्ही गरिबांसारखे राहतो, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही.

निघायच्या सकाळी टोळीचा मुकाम हलला. पुढचा फड पलीकडच्या गावात, म्हणजे नवी शाळा, नवी आशाताई, नवं रेशन दुकान. कोप्यांच्या चटया ट्रॅक्टरवर चढत होत्या आणि नगरच्या सिस्टर फायली मांडीवर घेऊन तिकडच्या हेडमास्तरांना फोन लावत होत्या. ते उचलत नव्हते. “शाळा भरल्यावर जाऊनच भेटते,” म्हणाल्या आणि सायकलला हवा आहे का बघायला उठल्या.