नाथसागर ते कोरिंगा: गोदावरीतील मासे

गोदावरीच्या माशांविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुधा पैठणच्या नाथसागरापाशी, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयापाशी, थांबते. त्र्यंबकेश्वरपासून समुद्रापर्यंत सुमारे १४६५ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचा आंध्रातील त्रिभुज प्रदेश आपल्या विचारात क्वचितच येतो. जलाशयातील आणि नदीमुखाकडील मत्स्यजीवन यांचा हिशेब वेगवेगळा मांडणे मला पटत नाही, कारण दोन्हीकडे कोणता मासा टिकणार हे पावसाळ्यातील पूर ठरवतो.

जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि वाहत्या नदीच्या जागी एक विस्तीर्ण, उथळ जलाशय उभा राहिला. तेथील बाजारात कटला, रोहू आणि मृगळ हे मासे दिसतात. परंतु त्यांना अंडी घालण्यासाठी पुराचे वाहते पाणी लागते, साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही, म्हणून जलाशयांत त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, पुन्हा पुन्हा सोडावी लागतात. याउलट १९५२ मध्ये भारतात आणलेल्या चिलापीची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते आणि स्थिर पाण्यातही सहज वाढते. वाम, मरळ, शिवडा या आपल्या नदीच्या माशांची मोजदाद मात्र एकूण उत्पादनाच्या आकड्यात हरवून जाते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

राजमहेंद्रीजवळच्या दौलेश्वरमच्या खाली नदी गौतमी आणि वसिष्ठ अशा मुख्य शाखांत विभागते. काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या कांदळवनात चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, मुळांच्या आडोशाने वाढणारी बोय आणि चिंबोऱ्या एकाच भरती-ओहोटीवर जगतात. पावसाळ्यात गोडे पाणी खाऱ्याला मागे रेटते आणि उन्हाळ्यात भरतीचे पाणी खाड्यांत आत शिरते. या सततच्या अदलाबदलीमुळेच येथे नदीचे, समुद्राचे आणि दोहोंमध्ये ये-जा करणारे असे सर्व प्रकारचे मासे आढळतात. जिताडा नदीमुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात वीण करतो, त्याची पिल्ले खाड्यांत आणि गोड्या पाण्यात वाढतात, आणि आधी नर असलेला हा मासा पुढे मादी होतो. गोदावरीच्या मोठ्या कोळंबीचा प्रवास उलटा आहे: ती नदीत वाढते, पण तिच्या अळ्यांना मचूळ पाणी हवे असते.

पाला (हिल्सा) हा मासा पूर आणि मासे यांच्या नात्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. पूर आला की तो समुद्रातून गोदावरीत चढतो. तेलुगू लोक त्याला तेव्हा पुलसा म्हणतात आणि मंगळसूत्र विकूनही तो खावा, अशी त्यांची म्हण आहे. ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये पूर्ण केलेल्या दौलेश्वरमच्या बंधाऱ्याने भातशेतीला पाणी दिले, पण पाल्याची वाट अडवली. आज वरच्या खोऱ्यात धरणे पहिले पाणी अडवतात, तेव्हा खाली येणाऱ्या पुराचा जोर कमी होतो आणि सोबत येणारा गाळही घटतो.

म्हणून जलाशयांच्या नोंदींत स्थानिक जातींची स्वतंत्र गणना व्हावी, आणि पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरवताना पिण्याचे पाणी, शेती व उद्योग यांच्यासोबत माशांच्या विणीचा काळही विचारात घेतला जावा, असे मला वाटते.