गळक्या छताखालचा तिसरा गुरुवार

ऑक्टोबरचा तिसरा गुरुवार म्हणजे संघर्ष निराकरण दिन. अमेरिकेतल्या असोसिएशन फॉर कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन या संस्थेने २००५ मध्ये तो सुरू केला. मुंबईला हा मुहूर्त भलताच सोयीचा पडतो. पाऊस सरलेला असतो, दिवाळीच्या रंगकामाची घाई असते, आणि सोसायटीतलं सगळ्यात चिवट भांडण, म्हणजे वरच्यांच्या बाथरूममधून खालच्यांच्या छताला येणारी ओल, याच दिवसांत नीट तपासता येते. पावसाचं पाणी असेल तर डाग वाळायला लागतो. वाळत नसेल तर पाणी बहुधा घरातलं.

हा फरक पैशाचा आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्ची आणि बाहेरच्या भिंतीतून मुरणारं पावसाचं पाणी सोसायटीने बघायचं. संडास, सिंकची आतली गळती सभासदाने.

पाणी कुणाचं यावरून जुंपली, की मध्यस्थ घालून बैठक घ्या. मध्यस्थ म्हणून सेक्रेटरी नको. उद्या त्याच्याच सहीने नोटीस निघायची असते, मग त्याच्यासमोर मोकळं कोण बोलणार? दोघांनाही चालेल असा तिसऱ्याच विंगमधला माणूस बघा. आणि हा विषय जनरल बॉडीत तर मुळीच काढू नका. चाळीस जणांसमोर एकदा "आमच्याकडून गळत नाही" म्हटलं की माणसाला माघार घेता येत नाही.

बैठक दीड-दोन तासांची धरा. आधी प्रत्येकाला पाच मिनिटं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. "वहिनी, तुमच्यामुळे आमचं छत कुजलं" या वाक्याला उत्तर म्हणून फक्त भांडण येतं. "आठ दिवस झाले, रोज सकाळी आंघोळीनंतर थेंब पडतात" या वाक्याला प्लंबर उत्तर देऊ शकतो. नंतर दोघांशी वेगवेगळं बोला, वीसेक मिनिटं. खरी गोष्ट तिथे निघते: वरच्यांकडे आत्ता पैसे नाहीत, किंवा खालच्यांना लिफ्टमधलं एक बोलणं अजून सलतंय. उठताना विचारा, "यातलं काय तिकडे सांगू?" हे विसरणाऱ्या मध्यस्थाला पुढच्या वेळी कुणी बोलवत नाही.

तपासणी दोन्ही घरांच्या देखत व्हावी. थेंब रात्रंदिवस पडत असेल तर संशय प्रेशरच्या पाइपवर, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या पाइपवर; वरच्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून बघा. फक्त वापरानंतर पडत असेल तर नहाणी ट्रॅपचं (फरशीवरचं पाणी वाहून जातं त्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड बंद करून बाथरूममध्ये इंचभर निळीचं पाणी २४ ते ४८ तास साठवा. खाली निळं उतरलं तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. काहीच आलं नाही तर ट्रॅप मोकळा करून पाणी सोडा; आता उतरलं तर दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा पुढच्या पाइपात. (फरशीच्या पांढऱ्या फटी निळ्या पडू शकतात. वरच्या काकूंना आधी विचारा, नाहीतर नवं भांडण.)

मग कागद. काम कोणतं, कोण करणार, पैसे कुणाचे, कोणत्या तारखेपर्यंत, खालच्या छताचा रंग कोण देणार, सगळं त्यात हवं. "लवकरात लवकर" हा शब्द कागदावर येऊ देऊ नका. दोघांच्या सह्या घ्या. एवढं करूनही नुसत्या सह्यांवर भरवसा नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथल्या तडजोडीच्या निवाड्याला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ आहे आणि त्यावर अपील नाही.

आता कागदावरून हटकून राहून जाणारं एक कलम. दुरुस्ती चोख झाली तरी फरशीखालच्या कोब्यात मुरलेलं पाणी पुढे आठ-पंधरा दिवस झिरपत राहतं. खालच्यांना वाटतं फसवलं, वरच्यांना वाटतं कुरापत काढताहेत. म्हणून तपासणीची तारीख काम संपल्यापासून तीन आठवड्यांनंतरची टाका, आणि रंगाची त्याच्याही पुढची. दिवाळी तोंडावर आली म्हणून ओल्या छतावर पुट्टी मारली, तर भाऊबीजेपर्यंत पोपडे निघतात, आणि वरचे म्हणतात, "आम्ही तर काम करून दिलं!"