साताऱ्याचे छत्रपती, पणजीचा राजवाडा आणि न उभा राहिलेला खटला

साताऱ्याहून गोव्याला निघालेली मंडळी बहुधा समुद्रासाठी निघतात. मला मात्र पणजीतील एक इमारत पाहायची होती, कारण छत्रपती प्रतापसिंह महाराजांची गादी ज्या आरोपांमुळे गेली, त्यांतील सर्वांत विलक्षण आरोपाची एक बाजू त्या इमारतीत होती. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयशी संधान बांधून इंग्रजांना हिंदुस्थानातून घालवण्याचा कट महाराजांनी रचला, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारचे म्हणणे होते. निपाणी ओलांडल्यावर संकेश्वरला आम्ही महामार्ग सोडला आणि गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीचा घाट उतरून बांद्यावरून गोव्यात शिरलो. या कटाच्या मध्यस्थांत संकेश्वरच्या स्वामींचेही नाव गोवले गेले होते, त्यामुळे वाटेवरचे हे गाव नुसते चहा पिऊन मागे टाकवले नाही.

मांडवीच्या काठावरील आदिलशहाचा राजवाडा आजही दिमाखात उभा आहे. विजापूरच्या आदिलशहाने बांधलेल्या या वास्तूत पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९ पासून राहू लागले, आणि मुक्तीनंतर २००० सालापर्यंत गोव्याची विधानसभा येथेच भरत असे. आरोपात ज्यांचे नाव होते ते दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रो १८३५ पर्यंत येथून कारभार पाहत होते. पणजीची दलदल भरून आखीव रस्ते करणारा आणि १८३२ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय सुरू करणारा हा माणूस पणजीकरांना नगररचनाकार म्हणून ठाऊक आहे. साताऱ्याच्या कागदपत्रांत तो कारस्थानी म्हणून येतो. राजवाड्याशेजारी आबे फारियांच्या पुतळ्यासमोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. साताऱ्याचा उल्लेख मला तेथे कोठेही आढळला नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

प्रकरण थोडक्यात असे. पेशवाई बुडाल्यावर २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कंपनीने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले. या तहाच्या पाचव्या कलमानुसार परराज्यांशी आणि बाहेरच्या सरदारांशी परस्पर व्यवहार करण्यास महाराजांना बंदी होती आणि ती मोडल्यास तहाचे सर्व लाभ रद्द होणार होते. पुढे जहागीरदारांवरील हक्कावरून मुंबई सरकारशी वाद वाढला. १८३५ मध्ये लंडनच्या संचालकांनी उत्तम राज्यकारभाराबद्दल महाराजांसाठी रत्नजडित तलवार मंजूर केली, ती मुंबई सरकारने त्यांच्या हाती पडूच दिली नाही. पुढच्याच वर्षी गुप्त चौकशी समिती नेमली गेली. लॉडविक, विलोबी आणि ओव्हान्स हे तिचे तिन्ही सदस्य सरकारचेच अधिकारी होते, आणि त्यांपैकी ओव्हान्स पुढे साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनीचे प्रतिनिधी, झाले. कंपनीच्या पलटणीतील शिपायांना फितवणे, नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रव्यवहार करणे आणि गोव्याचा कट असे तीन आरोप पुढे आले. ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आले, ते खटला चालवण्यासाठी नव्हे. तहभंग केल्याचे लिहून द्या, म्हणजे माफी मिळेल आणि गादीही राहील, असा त्यांचा प्रस्ताव होता. महाराजांनी सही करण्यास नकार दिला, चौकशीची मागणी केली, आणि सप्टेंबरमध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले.

मला यातील हा माफीचा प्रस्ताव सर्वांत आक्षेपार्ह वाटतो. कट खरोखरच सिद्ध झाला असता, तर इंग्रजांची सत्ता उलथवू पाहणाऱ्या राजाला एका सहीवर गादीवर ठेवणे हा कंपनीचा वेडेपणा ठरला असता. आणि सिद्ध झाला नसेल, तर सही मागण्याचा उद्देश पुराव्यातील उणीव आरोपीच्याच हस्ताक्षराने भरून काढणे एवढाच उरतो.

संध्याकाळी मिरामारला गेलो. गास्पर दियश या नावाने आज तेथे एक क्लब आहे, आणि त्या नावाचा किल्ला एकेकाळी मांडवीच्या मुखावर पहारा करत असे. दों मानुएल यांच्यानंतर जानेवारी १८३५ मध्ये बेर्नार्दु पेरिश द सिल्वा हे मूळ गोमंतकीय गृहस्थ प्रीफेक्ट म्हणून गोव्याचे प्रमुख झाले, तर लष्कराने तीन आठवड्यांच्या आत त्यांना उलथवले आणि ते मुंबईला निघून गेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या किल्ल्यातील त्यांच्या पक्षाच्या सैनिकांची कत्तल झाली. तिकडे पोर्तुगालमध्ये दों मिगेल आणि दों पेद्रू या भावांच्या पक्षांतील यादवी १८३४ मध्ये कुठे संपली होती. स्वतःचा प्रमुख महिनाभरही गादीवर टिकवू न शकणारे हे सरकार पोर्तुगालहून फौजा आणवून कंपनीशी लढणार होते, यावर विश्वास ठेवायचा तर साक्षीदारांची कसून उलटतपासणी व्हायला हवी होती. महाराजांच्या वकिलाला न्यायासनापुढे हा प्रश्न विचारण्याची संधीच कधी मिळाली नाही. अर्थात दुबळी माणसेही कट करतात, आणि महाराज निर्दोष होते असा निकाल मिरामारच्या कठड्यावर बसून मी देणार नाही.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला वडिलांच्या स्नेह्यांकडे गेलो. सारी हयात वकिली केलेल्या या गृहस्थांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पुराव्याचे राहू द्या हो. तुमचे महाराज कंपनीची प्रजा होते की तहातली दुसरी बाजू, हे आधी ठरवा." बोलणे पुढे बराच वेळ याच मुद्द्यावर चालले. महाराज स्वतंत्र करारकर्ते असतील, तर तहभंगाबद्दल कंपनीला तह मोडता येईल, लढाई करता येईल, लवाद मागता येईल. पण आपणच फिर्यादी आणि आपणच न्यायाधीश होऊन शिक्षा देता येणार नाही. ते प्रजाजन असतील, तर शिक्षा देता येईल, पण त्याआधी आरोपपत्र, पुरावा आणि बचाव हवा. कंपनीने दोन्हींतले सोयीचे तेवढे उचलले: राजा म्हणून त्यांना न्यायालय नाकारले आणि मांडलिक म्हणून त्यांना गादीवरून उतरवले.

खटला चालला असता तर न्याय मिळालाच असता असे मात्र नाही. १८५८ मध्ये बहादूरशहा जफर यांच्यावर लाल किल्ल्यात लष्करी आयोगापुढे खटला चालला. ज्यांच्या नावाने कंपनीने पिढ्यानपिढ्या दिवाणी चालवली, त्या बादशहांना आरोपपत्रात ब्रिटिश सरकारचे पेन्शनर आणि प्रजाजन ठरवले गेले, म्हणजे अधिकारक्षेत्राचा प्रश्न आरोपाच्या पहिल्याच ओळीत निकालात निघाला. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपासाठी १८७५ मध्ये नेमलेल्या आयोगात तीन इंग्रज होते, तसेच ग्वाल्हेर आणि जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव हे तीन हिंदी सदस्यही होते. मल्हाररावांच्या बचावासाठी इंग्लंडहून वकील सार्जंट बॅलंटाइन आले. इंग्रज सदस्यांनी आरोप सिद्ध मानला, हिंदी सदस्यांनी मानला नाही. तेव्हा सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणाने मल्हाररावांना पदच्युत केले. वकीलसाहेबांच्या मते हा आयोग निव्वळ देखावा होता. मला ते पूर्ण पटले नाही. निदान फेअर यांच्या नोकरांच्या जबान्यांची चिरफाड उघडपणे झाली आणि ती छापून राहिली, म्हणून आज त्यावर वाद तरी घालता येतो. साताऱ्याच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

तेथे न्यायालयाची जागा एका माणसाच्या चिकाटीने घेतली. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन १८५३ पर्यंत कंपनीच्या भागधारकांच्या सभेत आणि पार्लमेंटच्या दारात खेटे घालत राहिले. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्पसन यांच्यासारखे इंग्रज वक्ते त्यांच्या बाजूने बोलले. मागणी एवढीच होती, की आधी रीतसर चौकशी करा. १८४७ मध्ये महाराज काशीला वारले आणि त्यांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे बंधू शहाजीही पुढच्या वर्षी गेले. दत्तकाला मान्यता न देता डलहौसीने सातारा खालसा केला. त्यानंतरही रंगो बापूजींचे अर्ज थांबले नाहीत, पण चौकशीअंती परत करायला आता राज्यच उरले नव्हते.