रानहंसांना थोडी जागा: स्वीडनमधलं आमचं घरचं वाचन

नाशिकच्या मैत्रिणी फोनवर हमखास विचारतात, "तिकडे मुलांना काय वाचून दाखवता गं?" लिनशॉपिंगच्या वाचनालयातून आम्ही पिशवी भरभरून पुस्तकं आणतो, त्यामुळे यादी मोठी होईल. पण एकच नाव सांग म्हटलं तर मी निल्स होल्गरसनचं सांगेन. पुस्तक शंभर वर्षांहून जुनं आहे, जाडजूड आहे, त्यात भूगोल ठासून भरलाय. तरीही प्राण्यांच्या साहसकथेतून निसर्गाचा प्रश्न लहान मुलांपर्यंत इतक्या ताकदीने पोचवणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही.

मुळात ते शाळेसाठीच लिहिलं गेलं. स्वीडनच्या प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेला मुलांना देशाचा भूगोल शिकवणारं नवं वाचनपुस्तक हवं होतं. काम सोपवलं सेल्मा लागरलॉफ यांच्याकडे. त्यांनी स्वतः दहा वर्षं शाळेत शिकवलेलं. देशभरातली माहिती, पक्ष्यांच्या सवयी, दंतकथा असं सगळं गोळा करून त्यांनी १९०६ आणि १९०७ मध्ये दोन भाग दिले. १९०९ साली त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या लेखिका. इथल्या वीस क्रोनरच्या नोटेवर बरीच वर्षं एका बाजूला त्यांचा चेहरा होता आणि दुसऱ्या बाजूला हंसाच्या पाठीवर बसलेला निल्स.

हा निल्स म्हणजे दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतातला शेतकऱ्याचा मुलगा. आळशी, आणि गोठ्यातल्या जनावरांना छळणारा. घरातल्या राखणदार बुटक्याची खोडी काढतो आणि त्याच्या शापाने वीतभर उंचीचा होतो. त्या क्षणापासून त्याला प्राण्यांची भाषा कळू लागते, आणि पहिलं काय ऐकू येतं, तर त्याने ज्यांना ज्यांना त्रास दिला त्यांच्या तक्रारी! आमच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांना हे पान दर वेळी दोनदा ऐकायचं असतं. मग घरचा पांढरा हंस मोर्टेन रानहंसांच्या थव्यामागे उडू पाहतो, निल्स त्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि थेट उत्तरेकडे लॅपलँडपर्यंत जातो. थव्याची म्होरकी आहे केब्नेकाइसे डोंगरावरची म्हातारी आक्का. आमच्या घरात ती अर्थातच आक्काआजी झाली.

मी मूळ स्वीडिश पुढ्यात ठेवून मराठीत सांगत जाते. खाणी, कारखाने, नद्यांची लांबी आली की सरळ पुढे उडी मारते. पण टोकर्न तळ्याच्या प्रकरणातलं एक वाक्यही मी गाळत नाही.

टोकर्न आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत आहे. तळं पसरलंय सुमारे ४४ चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम ८० सेंटिमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शेतजमीन मिळावी म्हणून त्याची पातळी उतरवली गेली, आणि उरलेल्या उथळ पाण्यात बोरूचं रान माजलं. पक्ष्यांना आणखी काय हवं? निल्सच्या गोष्टीत गावकऱ्यांनी आता उरलंसुरलं पाणीही काढून टाकायचं ठरवलंय. यारो नावाचं रानबदक छर्रा लागून जखमी होतं, एका शेतकऱ्याच्या घरी त्याची शुश्रूषा होते, आणि घरातला तीन वर्षांचा पेर-ऊला त्याचा जिवलग होतो. पुढे कळतं की मोठ्यांनी यारोला सांभाळलं ते शिकारीत इतर बदकांना भुलवण्यासाठी. यारो तळ्यावर निघून जातो. पोरगं त्याला शोधत एकटंच होडीत चढतं आणि हरवतं.

आई किनाऱ्याकिनाऱ्याने हाका मारत फिरते. अंधार पडतो, आणि बोरूच्या रानातून पक्ष्यांचा कालवा तिच्या कानावर येत राहतो. ऐकता ऐकता तिला वाटू लागतं, माझं एक लेकरू सापडत नाही तर माझी ही दशा. इथे तर हजारो आयांची घरं आपण पुसायला निघालोय. घरी येऊन ती नवऱ्याला हे सांगते, आणि तळं तसंच राहू द्यायचं असं त्या घरात ठरतं. घरचा कुत्रा सीझर तिचा झगा दातात धरून पोराकडे घेऊन जातो.

लेखिकेने इथे मोठ्या माणसाला उपदेश ऐकवलेला नाही. त्या बाईला तिच्याच काळजीतून पक्ष्यांची काळजी कळते, आणि म्हणून पाच वर्षांच्या मुलालाही ती कळते. "मग सगळे पक्षी राहिले ना तिथे?" हा त्याचा प्रश्न ठरलेला. उत्तर द्यायला आम्ही त्याला टोकर्नला नेलं. आज तिथे राखीव क्षेत्र आहे आणि २०१२ मध्ये उघडलेलं सुरेख निसर्ग केंद्र आहे. इमारतीच्या भिंती आणि छप्पर, दोन्ही बोरूने शाकारलेलं. लांबून पाहिलं तर कुणीतरी मोठी गंजी रचून ठेवलीय असं वाटतं. शरद ऋतूत हजारो रानहंस इथे मुक्कामाला उतरतात. लेक दुर्बिणीतून पाहत होती आणि धाकटा त्यांतली आक्का कुठली ते मला ठामपणे दाखवत होता.

दुसरं आवडतं प्रकरण कोलमोर्डनच्या जंगलातलं. ग्रोफेल नावाचा एल्क (सांबराहून कितीतरी थोराड प्राणी) एका निरुपद्रवी पाणसापाच्या मादीला पायाखाली चिरडतो. तिचा जोडीदार डूख धरतो, आणि बघता बघता अळ्या जंगलच्या जंगल खाऊन फस्त करू लागतात. नागाच्या सुडाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे प्रकरण लगेच जवळचं वाटतं. एक जीव विनाकारण मारला तर त्याचा धागा कुठवर उसवत जातो, हे मुलांना समजावून सांगावंच लागत नाही.

प्राण्यांच्या बहुतेक बालकथा दया शिकवतात. ही गोष्ट त्याच्या पुढे जाऊन जमीन मागते. शेवटी निरोप घेताना आक्का निल्सला सांगते की सगळी पृथ्वी एकट्या माणसाची आहे असं समजू नकोस. तुमच्याकडे एवढा मोठा देश आहे, त्यातले काही उघडे खडक, उथळ तळी, दलदली आणि दूरची रानं आमच्यासाठी सोडा. मला हे मागणं फार मोलाचं वाटतं, कारण त्यावर हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागतं.

आणि इथे बालसाहित्यिकांच्या शब्दाला वजन आहे. वीसच्या नव्या नोटेवर आता अॅस्ट्रिड लिंडग्रेन आहेत. १९८५ पासून त्यांनी क्रिस्टिना फोर्सलुंड या पशुवैद्य बाईंबरोबर बंदिस्त गोठ्यांतल्या जनावरांसाठी वर्तमानपत्रांतून लिहायला सुरुवात केली. १९८८ मध्ये प्राणी संरक्षणाचा नवा कायदा आला, लोक त्याला लिंडग्रेनचाच कायदा म्हणतात. लिंडग्रेनना स्वतःला तो फार मवाळ वाटला, तरी उन्हाळ्यात गाईंना चरायला बाहेर सोडणं बंधनकारक झालं. वसंतात गोठ्याची दारं उघडतात तो दिवस पाहायला माणसं पोराबाळांसह शेतावर जमतात. पाचसहाशे किलोच्या गाई चारी पाय उचलून उधळतात, कुरणात नाचतात. असा आनंद मी जनावराच्या अंगात कधी पाहिला नव्हता.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर हे सगळं निफाडच्या आबांना सांगणं होतंच. आबांचं शिवार नांदूर मधमेश्वरच्या जवळ. गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तिथे दलदल झाली, ती पक्ष्यांनी आपली मानली. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून तिची नोंद झाली. आबांनी नातवंडांना वारकरी, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या अशी नावं सांगितली, हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकदंब हंसांचं वर्णन केलं. लेकीने विचारलं, "आबा, मग ते पाणी तुमचं की पक्ष्यांचं?" आबा म्हणाले, "उसाला बी लागतं अन् त्यांना बी लागतं. दोघांचं धरूनच चालावं लागतं बाई."

तुम्हाला घरी वाचायचं असेल तर व्हेल्मा हॉवर्ड यांचं जुनं इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. संक्षिप्त आवृत्ती घेतलीत तर टोकर्नचं प्रकरण त्यात आहे ना, ते आधी पाहून घ्या. निफाडला कुणी जाणार असेल तर नांदूर मधमेश्वरला चापडगावच्या पक्षी पाहायच्या मनोऱ्यांवर मुलांना सकाळी लवकर न्या, थंडीत. आणि आपल्या पाणथळींवर, माळरानांवर बेतलेल्या चांगल्या मराठी गोष्टी तुमच्या घरी वाचल्या जात असतील तर मला नावं कळवा. 'किशोर'चे जुने अंक आम्ही इथून वाचतो, पण लेकीला आता पट्टकदंबाच्या प्रवासाची मोठी गोष्ट हवीय, आणि ती मराठीतच.