गोगलगाय आणि पोटात बाण

आमच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात शंकूच्या आकाराचा, तपकिरी नक्षीचा एक शंख अनेक वर्षांपासून आहे. परवा इंडोनेशियातील कोमोडो बेटावरच्या महाकाय घोरपडीची चित्रफीत पाहताना नजर सहज त्याच्याकडे गेली आणि या दोघांत अधिक भयंकर कोण, असा प्रश्न मनात आला.

कोमोडोची घोरपड ही आपल्या माळरानावरील घोरपडीची चुलत बहीणच. फक्त नर ३ मीटरपर्यंत वाढतो आणि त्याचे वजन ७० किलोच्याही पुढे जाते. तिच्या लाळेतील जंतूंमुळे सावज मरते, अशी समजूत दीर्घकाळ होती. मात्र २००९ मध्ये तिच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. हे विष रक्त गोठू देत नाही आणि रक्तदाब उतरवते. करवतीसारख्या दातांनी जखम केल्यावर सावज निसटले, तरी माग काढायला दुभंगलेली जीभ आणि चार भक्कम पाय असताना तिला घाई कसली?

घाई आहे ती त्या शंखातल्या गोगलगायीला. कोनस कुळातील मासे खाणाऱ्या गोगलगायीने टोचलेला मासा चार हात दूर गेला, तर तो दुसऱ्याच कुणाच्या तोंडी पडणार. म्हणून तिचे विष माशाला काही क्षणांतच लुळा करते. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असे आपण साळसूद माणसाविषयी म्हणतो, पण हिच्या पोटात बाणांचा भाताच आहे. पोकळ, काटेरी दात सोंडेतून सुटतो आणि एक वापरला की दुसरा पुढे येतो. जेमतेम वीतभर वाढणाऱ्या कोनस जिऑग्राफस या जातीने माणसांचेही प्राण घेतले आहेत आणि तिच्या विषावर उतारा नाही. गंमत अशी, की तिच्याच कुळातील कोनस मॅगसच्या विषावरून घडवलेल्या झिकोनोटाइड या औषधाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. असह्य वेदना शमवण्यासाठी ते पाठीच्या कण्यातील द्रवात सोडतात.

कपाटातला शंख रिकामा आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही हल्ली धूळ पुसताना बोटे आपोआप त्याच्या रुंद टोकाकडे जातात. खरे तर जिवंत कोनसची सोंड तिथवरही पोहोचते.